मामांचा स्पेक्ट्रम, आणि त्याच्या मागे लावायचा आठ रिलेंचा बोर्ड

रामबागची_भाची
नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

माझे मामा इंदूरच्या एका कापड गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात होते. गिरणी केव्हाच बंद पडली, आणि मामा जाऊनही आता दोन वर्षं झाली. परवा मामींकडे माळा आवरताना पत्र्याची ट्रंक निघाली. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला काळा कीबोर्ड, वर 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' असं नाव. सोबत तीन कॅसेट, एक जड ॲडॉप्टर (वायर उंदरांनी कुरतडलेली) आणि हाताने बनवलेला एक बोर्ड.

हा बोर्ड म्हणजे भोकाभोकांची तपकिरी पाटी आहे, साधारण दोन पोस्टकार्डांएवढी. एका कडेला लांब खाचेचा कनेक्टर, दुसऱ्या कडेला ओळीने आठ रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके. मधे आयसी: ७४एलएस३२, ७४एलएस३७४ आणि यूएलएन२८०३. बाजूला एक छोटा खटका, त्याच्या एका टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. सगळ्या वायरी बोटभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. इतकं नेटकं काम मी तरी पाहिलेलं नाही.

मामींना विचारलं तर म्हणाल्या, "गणपतीत ती पेटी चालू असली की दहा दिवस टीव्ही मिळायचा नाही." यापलीकडे त्यांना आठवत नाही.

हे आजच्या टीव्हीला जोडता येईल का? ॲडॉप्टर कुठला घ्यावा? आणि हा बोर्ड नेमका कशाचा? मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मल्टिमीटर नीट वापरता येतो, सोल्डरिंग बेताचं.

झेड८०_जुना
ताई, सगळ्यात आधी: अजून काहीही लावून पाहिलं नसेल तर लावू नका. तो बोर्ड तर मुळीच नको.

डीबी स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या घरगुती कंप्युटरचा परवान्यावर आपल्याकडे बनलेला भाऊ, १९८८ सालचा. आत ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ के रॉम आणि ४८ के रॅम. विलायतेतल्या मशीनसाठी जी माहिती मिळते तीच याला बहुतेक जशीच्या तशी लागू पडते.

ॲडॉप्टर ९ व्होल्ट डीसीचा लागतो, मूळचा १.४ अँपिअरचा असे. खरी मेख वेगळीच आहे: याच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन. आज घरात पडलेले राउटरचे वगैरे ॲडॉप्टर बरोबर उलटे असतात. पिन अगदी चपखल बसते आणि मशीन बसल्या जागी मरतं. या एका चुकीपायी मी दोन मशीन गेलेली पाहिली आहेत.

ग्वाल्हेरचा_किल्लेदार
ॲडॉप्टरसाठी वाद्यांच्या दुकानात जा. इलेक्ट्रिक गिटारच्या पेडलांना ९ व्होल्टचा, मधे ऋण असलेलाच ॲडॉप्टर लागतो, पिनही तीच. फक्त अँपिअर बघून घ्या. पेडलांचे कितीतरी ॲडॉप्टर अगदी किरकोळ करंटचे असतात, इथे निदान एक अँपिअर तरी हवा. आणि पाकिटावर काहीही छापलेलं असो, मल्टिमीटर लावल्याशिवाय मशीनला जोडू नका.

टीव्हीवरून आठवलं. आमच्याकडे १९८५ साली काकांनी लंडनहून स्पेक्ट्रम आणला होता. त्यातून सिग्नल निघायचा यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर, आणि आमच्या टीव्हीत फक्त व्हीएचएफ ट्यूनर! सगळं घर गोळा झालेलं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. महिनाभराने एका मेकॅनिकने कन्व्हर्टर बसवून दिला तेव्हा कुठे चित्र दिसलं. तोवर मी कोऱ्या कीबोर्डवर बोटं चालवून सराव करायचो.

रामबागची_भाची
धन्यवाद दोघांनाही. गिटारचा ॲडॉप्टर मिळाला, दोन अँपिअरचा. मल्टिमीटरची लाल सुई बाहेर आणि काळी आत धरली की अधिक ९.१ दाखवतो, म्हणजे बरोबर ना?

टीव्हीचं काय करू?

झेड८०_जुना
ॲडॉप्टर बरोबर आहे.

आता टीव्ही. मशीनच्या मागे टीव्हीची तार लावायची जागा आहे, ती आतल्या एका पत्र्याच्या डबीतून येते. ती डबी म्हणजे मॉड्युलेटर. साध्या व्हिडिओ सिग्नलला चॅनलच्या लहरीवर बसवणं एवढंच तिचं काम. आजच्या टीव्हीला एव्ही इनपुट असतो, त्यामुळे ही मधली फेरी टाळता येते. डबीत बाजूने दोन तारा शिरतात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. ५ व्होल्टची सोडवून वेगळी बांधायची. डबीच्या आत बाहेरच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला लागलेला रेझिस्टर काढायचा आणि व्हिडिओची तार थेट त्या टोकाला जोडायची. झालं. जुन्याच सॉकेटला साधी आरसीए वायर लावा आणि टीव्हीच्या पिवळ्या इनपुटमध्ये घाला. काढलेले भाग पुडीत घालून ट्रंकेतच ठेवा, उद्या कोणाला मूळ स्थितीत करायचं असेल तर.

पण त्याआधी एक तपासणी. खालच्या १६ के रॅमच्या आठ चिप ४११६ जातीच्या असतात आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: पाय १ ला उणे ५, पाय ८ ला अधिक १२, पाय ९ ला अधिक ५. पाय १६ जमिनीला. हे उणे ५ आणि १२ मशीन स्वतःच ९ व्होल्टमधून एक छोटी कॉइल आणि टीआर४, टीआर५ या दोन ट्रान्झिस्टरांच्या जोरावर तयार करतं. टीआर४ गेला की उणे ५ नाहीसं होतं, आणि उणे ५ शिवाय चालू राहिलेल्या ४११६ फार वेळ तग धरत नाहीत. म्हणून पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मल्टिमीटर हातात तयार ठेवा. पाय १ बघा, आणि उणे ५ दिसलं नाही तर त्याच क्षणी बंद करा.

रामबागची_भाची
केलं. पाय ९ ला ५.०, पण पाय १ ला शून्य. पाच सेकंदांत बंद केलं. टीव्हीवर तेवढ्यात नुसते उभे काळे-पांढरे पट्टे दिसले.

झेड८०_जुना
शाबास, वेळेत बंद केलंत. टीआर४ बदला: झेडटीएक्स६५०. लगेच टीआर५ पण बदलून टाका, झेडटीएक्स२१३, दोघे एकमेकांना घेऊन जातात. कॉइलची तार तुटलेली नाही ना, तेही बघून घ्या.

जेलरोडचा_पोरगा
ताई, मी इंदूरलाच जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स मार्केटमध्ये कामाला आहे. ७४ सिरीज, यूएलएन, रिले इथे सहज मिळतील, पण झेडटीएक्स कोणी ठेवत नाही, ते ऑनलाइनच मागवा. आणि टाका काढताना घाई करू नका. त्या पीसीबीवरचा तांब्याचा थर पातळ असतो, जास्त तापला की पट्टी उचलून येते. जुना ट्रान्झिस्टर वरून कापून टाका आणि मग पाय एकेक करून काढा.

सरळ_सांगतो
वाईट वाटून घेऊ नका, पण एवढा खटाटोप कशासाठी? आठ रिलेच चालवायचे ना? तीनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर लावा, मोबाइलवरून चालवा. तो हाताने केलेला जुना बोर्ड टाकून द्या, तसेही त्याचे टाके आता सुटत आले असतील.

रामबागची_भाची
मला आठ रिले चालवायचे नाहीत. मामांनी काय केलं होतं ते समजून घ्यायचं आहे, आणि ते त्यांच्याच हातच्या तारांनी चालवायचं आहे.

ट्रान्झिस्टर आले, बसवले. दोन तास लागले, पण पट्टी उचलली नाही. पाय १ ला उणे ५.१, पाय ८ ला ११.९. एक ४११६ खूप तापत होती, ती बदलली. आणि आज संध्याकाळी पांढऱ्या पडद्यावर खाली काळ्या अक्षरांत कॉपीराइट १९८२ ची ओळ आली! मामी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हो, हे असंच पांढरं व्हायचं."

ग्वाल्हेरचा_किल्लेदार
अभिनंदन ताई, मनापासून. ती ओळ पहिल्यांदा दिसते तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

झेड८०_जुना
आता बोर्डकडे वळू. मशीन बंद, ॲडॉप्टर काढलेला, आणि मग बोर्ड मागच्या पट्टीत, म्हणजे मशीनच्या मागे उघड्या राहिलेल्या पीसीबीच्या कडेवर, बसवा. पट्टीला दोन्ही बाजूंना २८ जागा आहेत आणि पाचव्या जागी खाच आहे. मामांच्या कनेक्टरमध्ये त्या खाचेत बसणारा तुकडा आहे का बघा. तो नसेल तर बोर्ड एक घर सरकून बसू शकतो, आणि त्या पट्टीवर ९ आणि १२ व्होल्टही येतात, म्हणजे थेट डेटाच्या तारांना शॉक. मशीन चालू असताना बोर्ड काढणं किंवा घालणं याने जितके स्पेक्ट्रम गेले तितके बाकी कशाने गेले नसतील.

बसल्यावर एक काम करा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक झेड८० च्या पायांवर आणि दुसरं ७४एलएस३२ च्या पायांवर फिरवा. ३२ ला झेड८० चे कोणते पाय जातात ते सांगा.

रामबागची_भाची
खाचेत फायबरचा तुकडा आहे, सुपारीसारखा घासून घट्ट बसवलेला.

झेड८० चे पाय ३७, २० आणि २२ सापडले. बाकी कुठलाच ३२ ला जात नाही. झेड८० चे डेटाचे आठही पाय ३७४ ला जातात. ३७४ चे आठ आउटपुट यूएलएन ला, तिथून रिलेंना. ३२ चं शेवटचं आउटपुट ३७४ च्या पाय ११ ला.

झेड८०_जुना
ताई, तुमचे मामा जाणकार होते. सांगतो.

पाय ३७ म्हणजे ए७ ही पत्त्याची तार, २० म्हणजे आयओआरक्यू, २२ म्हणजे डब्ल्यूआर. ३२ मध्ये ऑर गेट असतात. तिन्ही तारा खाली आल्या, म्हणजे शून्य झाल्या, तरच शेवटचं आउटपुट खाली येतं, म्हणजे झेड८० बाहेर काहीतरी लिहितो आहे आणि पत्त्यात ए७ शून्य आहे. लिहिणं संपता संपता ते आउटपुट वर जातं आणि त्या चढत्या कडेवर ३७४ डेटाचे आठ बिट पकडून ठेवतो. पुढचा आकडा येईपर्यंत ते तसेच राहतात. एका बिटाचा एक रिले, आणि तो ओढण्याइतकी ताकद यूएलएन देतो.

आता ए७ च का घेतली, तर स्पेक्ट्रम पूर्ण पत्ता कधी वाचतच नाही. यूएलए, म्हणजे मशीनमधली पडदा-कीबोर्ड सांभाळणारी चिप, फक्त ए० बघतो, तो शून्य असला की पत्ता माझाच म्हणतो, म्हणून सगळे सम पोर्ट त्याने अडवलेले. ए२ झेडएक्स प्रिंटरने घेतलेली, ए३ आणि ए४ इंटरफेस वन या जोडपेटीने, ए५ केम्पस्टन जॉयस्टिकने. घरी काही बनवणाऱ्याला मोकळ्या राहतात त्या ए६ आणि ए७. मामांनी ए७ घेतली. फक्त ए७ शून्य आणि बाकी सातही बिट एक, म्हणजे पोर्ट १२७. तेव्हा बेसिकमधून 'आउट १२७, १' दिलं की पहिला रिले, २ ने दुसरा, ४ ने तिसरा, असं १२८ पर्यंत. आणि २५५ ने सगळे.

त्या काळी हे कुठून शिकले असतील? पुस्तकं मिळत नव्हती. मॅन्युअलच्या मागच्या पानांवर पट्टीचा नकाशा असायचा, तेवढाच आधार.

जेलरोडचा_पोरगा
यूएलएन आणि रिलेला वीज कुठून घेतली आहे? पट्टीवरच्या ९ व्होल्टवरून?

रामबागची_भाची
नाही, वेगळ्या दोन तारा बाहेर येतात आणि त्या लाल ठिपक्याच्या खटक्यातून जातात.

जेलरोडचा_पोरगा
बघा! मशीनच्या ९ व्होल्टवर आठ रिलेंचा भार टाकला नाही. शिवाय ३७४ चालू होताना त्यात कुठलेही आकडे असू शकतात, मशीन सुरू करताक्षणी रिले वाटेल तसे वाजले असते. म्हणून खटका. आधी मशीन चालू, मग 'आउट १२७, ०', आणि मग ठिपक्याच्या बाजूला खटका. यूएलएन चा पाय १० रिलेच्या धन तारेला जोडलेला आहे ना ते मात्र बघून घ्या. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते, तो त्या वाटेने जिरतो.

रामबागची_भाची
पाय १० जोडलेला आहे. मामींना नेलपॉलिशचं विचारलं. त्यांचंच. त्यांनी कधी लावलं नाही म्हणे, कोणीतरी भेट दिलेलं, मामांनी मागून नेलं.

आता कॅसेट. एकीवर पेनाने 'आरास' लिहिलंय.

ग्वाल्हेरचा_किल्लेदार
म्हणजे गणपतीची आरास! टीव्ही का मिळत नव्हता ते कळलं.

कॅसेट लगेच मशीनला लावू नका. जुन्या फिती एकदाच चांगल्या वाजतात असं समजूनच चाला. आधी ती पुढेमागे पूर्ण फिरवून सैल करा. मग चांगल्या डेकवर वाजवून कंप्युटरमध्ये ध्वनिमुद्रित करा, कुठलाही इफेक्ट न लावता. आवाज बोथट वाटला तर डेकच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवा, सूर जिथे सगळ्यात तीक्ष्ण होईल तिथे थांबा.

ती फाइल मोबाइलवर टाका आणि मोबाइलचा हेडफोन सॉकेट स्पेक्ट्रमच्या 'इअर' ला जोडा. आवाज पूर्ण, इक्वलायझर बंद, आणि मोबाइल विमान मोडवर. लोड होताना एखादा मेसेज टुणकन वाजला की सगळं पहिल्यापासून. पडद्याची कड आधी लाल-निळसर रेघांनी हलेल, मग डेटा सुरू झाला की निळ्या-पिवळ्या.

रामबागची_भाची
तीन वेळा 'आर टेप लोडिंग एरर'. चौथ्यांदा स्क्रू पाव फेरा फिरवून पुन्हा ध्वनिमुद्रण केलं आणि आला. पडद्यावर 'प्रोग्रॅम: आरास'.

लिस्ट केलं. चौसष्ट ओळी आहेत. मधे मधे मामांचे रेम, म्हणजे प्रोग्रॅममधल्या टिपा, आहेत, मराठी पण रोमन अक्षरांत: रेम मोर डावा, रेम मोर उजवा, रेम चक्र, रेम समई, रेम आरतीला सगळे. खाली डेटाच्या ओळींत १, २, ४, ८ असे आकडे, आणि प्रत्येक आउटनंतर पॉज २५.

हे वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले.

झेड८०_जुना
पॉज मध्ये एक म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. पंचवीस म्हणजे अर्धा सेकंद. चक्र आठवतंय का कोणाला? दिवे एकामागून एक लागले की फिरल्यासारखं दिसतं ते.

गिरणीवाला_इंदूर
मी इथे क्वचितच लिहितो, पण हे वाचून राहवलं नाही. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, रात्रभर दिव्यांनी लखलखलेल्या. गिरण्या बंद पडल्या तरी आम्ही त्या अजून काढतो. तेव्हा दिवे फिरवायला लाकडी ड्रम असायचा. मोटरवर ड्रम, त्यावर तांब्याच्या पट्ट्या, वरून पितळी पात्या घासत जायच्या. पट्टी जशी कापाल तसा दिवा लागेल. दुसऱ्या दिवशी वेगळं चित्र हवं तर नवा ड्रम, आणि रात्रभर ठिणग्या उडायच्या त्या वेगळ्याच. इलेक्ट्रिक खात्यातली माणसं महिनाभर आधीपासून त्यातच असायची.

तुमच्या मामांनी तो ड्रम काढून टाकून तिथे कंप्युटर ठेवला. ड्रमच्या पट्ट्यांऐवजी डेटाच्या ओळी.

सरळ_सांगतो
माझं पहिलं लिहिणं मागे घेतो. बोर्ड टाकू नका.

फक्त एक विनंती. मामांनी रिलेवरून घरची २३० व्होल्टची वीज बल्बांच्या माळांना दिली असणार. त्या पाटीवर दोन टाक्यांमधे ढेकणाएवढंही अंतर नाही, आणि इतक्या वर्षांची धूळ. तिथून मेन्स आता नेऊ नका. १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या लावा, त्यांचा वेगळा सप्लाय घ्या, रिले तेच, प्रोग्रॅम तोच. मखरात हात घातला तरी धोका नाही.

रामबागची_भाची
पटलं, १२ व्होल्टच्याच आणते.

काल रात्री दिवे न लावता नुसता बोर्ड चालवला. आधी आउट १२७, ०, मग लाल ठिपक्याकडे खटका, मग रन. टक, टक, टक, अर्ध्या अर्ध्या सेकंदाने. मामी आतल्या खोलीत माळ ओढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आता डावा मोर." आणि खरंच तिसरा रिले, रेममध्ये मोर डावा. मग म्हणाल्या, "आता चक्र." टीव्ही दिसत नव्हता त्यांना, नुसत्या आवाजावरून ओळखत होत्या.

पण सहावा रिले वाजत नाही. आउट १२७, ३२ दिलं तर शांत.

झेड८०_जुना
यूएलएन चा पाय ६ बघा, ३२ दिल्यावर तिथे तीन ते चार व्होल्टच्या दरम्यान यायला हवं. आलं तर पाय १३ बघा, तो खाली ओढला जातो का. तोही ओढला जात असेल तर दोष रिलेत किंवा त्याच्या टाक्यात. रिले काढायच्या आधी टाका एकदा तापवून बघा.

रामबागची_भाची
पाय ६ ला साडेतीन, पाय १३ ला जवळजवळ शून्य. रिलेच्या कॉइलच्या टाक्याभोवती बारीक गोल भेग होती, भिंगातून दिसली. तापवला, थोडं नवं शिसं दिलं. आठही वाजतात आता. जेलरोडच्या पोरा, उद्या दुपारी शाळा सुटली की येते पट्ट्या घ्यायला, पाच मीटरच्या दोन आणि सप्लाय काढून ठेव.